ओव्हाळ मास्तरांची डबल बेल

ओव्हाळ मास्तरांवर मी जेवढी चिडले तेवढी आमच्या ह्यांच्यावरही कधी चिडले नसेन, आणि चिडवण्याच्या बाबतीत आमचे हे काही कच्चे नाहीत. मास्तर गेले त्यालाही आता बरेच दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी चांगलंच बोलणार आहे, पण आधी माझा राग सांगून मोकळी होते.

केजला आम्ही भाड्यानं राहायचो तेव्हा गल्लीत आमच्या दारासमोर त्यांचं दार होतं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीतले. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. सगळी नोकरी त्यांनी केज, अंबाजोगाई, गेवराई, तलवाडा ह्या रस्त्यांवर उभ्यानं काढली. नोकरी संपली, बायको वारली, मुलगा पुण्याला कंपनीत लागला, पण मास्तर काही गाडीतून उतरले नाहीत. रोज सकाळी आंघोळ करून, बैठकीतल्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते स्टँडवर जायचे. तिथे कुठली गाडी उशिरा आली, कुणी दार न लावता गाडी हलवली, यावर सगळ्यांचं डोकं खाऊन दुपारच्या जेवणाला घरी.

आणि त्यांचा तो हात! बोलणं संपलं की मास्तरांचा उजवा हात आपोआप वर जायचा. गाडीत घंटीची दोरी जिथे असते तिथपर्यंत जायचा आणि दोनदा झटक्यानं खाली यायचा. डबल बेल. विषय संपला, गाडी जाऊ द्या. चहा पिऊन झाला की डबल बेल, भाजीवालीशी घासाघीस आटोपली की डबल बेल. गल्लीत एकदा मयत झाली, तर मास्तर भेटायला गेले, "लई चांगला मानूस होता" म्हणाले आणि हात वर. गेलेल्याचा मुलगा बघतच राहिला. त्यांच्या निरोपसमारंभाची गोष्ट तर डेपोत अजून सांगतात. साहेबांचं भाषण काही केल्या आवरेना, तेव्हा मास्तर सत्काराची शाल अंगावर घेऊन खुर्चीतून उठले, डबल बेल मारली, आणि मंडपातली सगळी माणसं सवयीनं उठून जेवायला गेली.

"मास्तर, आवरा की तो हात," असं मी म्हणाले की ते हाताकडे परक्यासारखं बघायचे. "ह्यो माजा न्हाईच ताई. ह्यो नोकरीचा हाय. नोकरी सुटली, ह्यो आपला तसाच ऱ्हायला."

मलाही तेव्हा हसू यायचं. चिल्लर घरात आली आणि ते हसू गेलं.

चिल्लर म्हणजे कुत्री. एका गाडीच्या शेवटच्या सीटखाली कुणीतरी कापडी पिशवीत घालून सोडून दिलेली. चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाची, एक कान मोडलेला, वय झालं तरी वाढायचं विसरून गेलेली. झाडणारा माणूस ती पिशवी स्टँडच्या मागे टाकायला निघाला होता. तिथे मटणाच्या दुकानांपाशी मोठाल्या कुत्र्यांची टोळी बसलेली असते. मास्तरांनी पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली आणि घरी आणली. दार लावून पिशवी उघडली, वाटीत दूध ठेवलं, म्हणाले, "बस हितं, आता हेच तुजं घर." बोलणं संपलं. हात वर गेला.

त्या कुत्रीनं एवढंच बघितलं. तिच्यावर आजवर कुणीतरी हात उगारलेले असणार, एक-दोनदा नव्हे, पुष्कळदा. ती खिडकीच्या गजांतून बाहेर पडली, गल्ली ओलांडली, आमच्या उघड्या दारातून आत आली आणि थेट माझ्या शिलाई मशीनखाली घुसली. मशीनच्या पायडलवर अंगाची वळकटी करून बसली ती बसलीच.

मी ब्लाउज शिवते. माझं मशीन पायाचं. लगनसराई तोंडावर आलेली, कपाटात कापडांच्या घड्या पडलेल्या, आणि पायडलवर हे ध्यान. पाय लावला की असं थरथरायचं की माझाच पाय मागे यायचा. हाकललं तर बाहेर जायचं, आणि मी दोरा ओवेपर्यंत परत तिथेच. गिऱ्हाइकं दारात उभी राहून विचारायची, "झालं का हो माझं?" आणि मी बोट खाली दाखवायची. सासूबाईंनी पहिल्या दिवशी "घरात कुत्रं नको" म्हणून तोंड वाकडं केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाई दुधात भाकरी कुस्करताना मला दिसल्या. नाव मात्र मास्तरांनीच ठेवलं, चिल्लर. जन्मभर ज्या गोष्टीवरून लोकांशी भांडले, तिचंच नाव दिलं.

"तुम्ही आणलीत, तुम्हीच न्या," मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं.

"माज्याकडं येती का ती? बगा," असं म्हणून मास्तर आमच्या दारात उकिडवे बसले. बिस्किट पुढे केलं, आवाज मऊ केला. चिल्लरनं नाक बाहेर काढलं. एक पाऊल टाकलं. मास्तरांना इतका आनंद झाला की ते म्हणाले, "आली बगा!" आणि हात वर गेला. चिल्लर परत पायडलवर. त्यांचा चेहरा पार उतरला. तिला वाचवणारा माणूस हा, आणि ती घाबरायची तीही नेमकी ह्याच माणसाला.

तेवढ्यात ह्यांच्या बदलीची ऑर्डर आली. अंबाजोगाई. तिथे जी जागा मिळाली ती तिसऱ्या मजल्यावरची, आणि घरमालकानं आधीच बजावलं होतं की जनावर चालणार नाही. मुलीची परीक्षा झाली की निघायचं. म्हणजे त्याच्या आत चिल्लरला घर बघायचं, नाहीतर ती पुन्हा स्टँडच्या मागे. गल्लीतल्या कुत्र्यांनी तिला एकदा गाठलंच होतं. सासूबाई केरसुणी घेऊन धावल्या म्हणून वाचली. मशीनखालून हलायला जी तयार नाही, ती रस्त्यावर एक दिवस टिकली नसती. हे मला कळत होतं, मास्तरांना कळत होतं.

कळत असूनही त्यांनी काय करावं? आलेलं एकेक घर नाकारावं!

"बेवारस सामान हाय, ताई. ज्याचं त्यालाच गेलं पायजे," हे त्यांचं तत्त्व. नोकरीत म्हणे त्यांनी एकही वस्तू चुकीच्या माणसाला दिली नव्हती. नारायणगडाच्या यात्रेला जादा गाड्या सोडतात, तशा एका गाडीत कुणाची तरी कवळी राहिली. दुसऱ्या दिवशी दोन म्हातारे हजर, दोघेही बोळके, दोघेही म्हणतात माझीच. मास्तरांनी कवळी धुतली, पुडीभर फुटाणे आणले आणि म्हणाले, "लावा आन् चावा." पहिल्या म्हाताऱ्याला तोंडच मिटेना. दुसऱ्यानं सगळे फुटाणे संपवले. मास्तर ही गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांच्या तोंडावर न्यायाधीशाचा भाव असायचा.

माझ्या गिऱ्हाइकांकडून बातमी पसरली आणि कुत्री बघायला माणसं येऊ लागली. मास्तर आमच्या फाटकात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना विचारावं तसं आधी गाव विचारायचे, मग आडनाव. बास. तेवढ्यावर त्यांना त्या घराण्याचा सगळा प्रवास आठवायचा.

पहिले आले ते कॉलेजात शिकवणारे एक सर. सालस माणूस, घरी म्हातारी आई, मोठं अंगण. मला तर आनंदानं नाचावंसं वाटलं. ते गेल्यावर मास्तर म्हणाले, "न्हाई जमायचं. ह्यो खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचा. दारात लेकुरवाळी बाई उभी, आन् ह्याचा रुमाल सीटवर बसलेला."

"अहो, तेव्हा ते विद्यार्थी होते!"

"सवय जाती का मानसाची?" मास्तर म्हणाले आणि डबल बेल मारली. मशीनखाली चिल्लरची नखं फरशीवर खरडली. मी त्या हाताकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

मग तहसीलमध्ये नोकरीला असलेली एक मुलगी नवऱ्याबरोबर आली. बिचारीनं कुत्रीसाठी घरून छोटी उशी शिवून आणली होती, वर फुलं काढलेली. तिचा बाप म्हणे तिला अर्ध्या तिकिटात बसवायचा. "दरसाल ही पाचच वर्साची. मिशा फुटायची येळ आली तरी पाचच वर्साची!"

"मास्तर, मुलीला मिशा फुटत नाहीत."

"तेच म्हनतो मी. उंची तर दिसती का न्हाई?"

"आणि खोटं बाप बोलला, तिचा काय दोष?"

"शेजारी बसून ऐकलं न्हवं तिनं? ताई, कावून घाई करायलात?"

कावून घाई! कपाटातली कापडं बघवत नव्हती, एका नवरीची आई माझ्या दारात येऊन रडून गेली होती, मुलीची परीक्षा सुरू झाली होती, आणि हा गृहस्थ मला विचारतोय घाई कशाला. मी त्या दिवशी फाटक एवढ्या जोरात लावलं की कडी निघून हातात आली.

मग मी हट्टानं स्वतःच एक घर शोधलं. शेतीवाडीचं, खातंपितं, मुलगा शिकलेला, बोलायला गोड. त्यानं गाव आणि आडनाव सांगितलं आणि मास्तर खुर्चीतून उठले. तो गेल्यावर मी भांडायच्या तयारीनंच बाहेर आले. मास्तर फाटकाच्या तुटक्या कडीशी चाळा करत उभे होते.

"ह्याची आई रोज गाडीला असायची," ते म्हणाले. "तिकिटाचे पैसे माज्या हातात कदी दिले न्हाईत. सीटवर ठिवायची. मी उचलून घ्यायचो. तिकीट बी सीटवर ठिव म्हनायची, आन् मग पदरानं उचलायची. गाडीतल्या समद्यांना ठाव होतं, कावून ते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. हात वर गेला नाही. सासूबाई दारातून आत निघून गेल्या. मी त्या मुलाला फोन करून कुत्री दुसरीकडे दिली असं सांगितलं, आणि त्या बाबतीत मास्तरांना एका शब्दानंही बोलले नाही. बाकी सगळ्या बाबतींत मात्र बोलत राहिले.

आणि मग एकदाचं मास्तरांना पसंत पडेल असं घर आलं. तलवाड्याच्या अलीकडे एक वस्ती आहे, तिथल्या आण्णांचा नातू. आण्णांचं नाव ऐकल्याबरोबर मास्तरांचा चेहरा फुलला. हे आण्णा म्हणजे त्यांच्या सगळ्या नोकरीतला एक नंबरचा पॅसेंजर. पोटुशी बाई चढली की आण्णा उठून उभे. उतरताना ड्रायव्हरला राम राम. उन्हाळ्यात स्वतःच्या तांब्यातलं पाणी पुढे करून म्हणणार, "मास्तर, घोटभर घ्या." आणि पैसे हातात देणार, हाताला हात लावून. मास्तरांना ते किती मोलाचं वाटत असेल, ते मला आता त्या सीटवरच्या पैशांच्या गोष्टीनंतर कळत होतं.

नातू मोठ्या पांढऱ्या गाडीतून आला होता. गाडीच्या काचेवर कुठल्यातरी नेत्याचा फोटो, ह्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा. आल्या आल्या चिल्लरला मानगुटीला धरून उचललं आणि मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला. मला तो पोरगा आवडला नाही आणि मी तसं बोलून दाखवलं.

"आण्णाचं रगात हाय ते, ताई," मास्तर म्हणाले आणि अशी डबल बेल मारली की जणू स्पेशल गाडीच सोडली.

चिल्लर गेली. माझं पायडल मोकळं झालं. मी बसले आणि धडाधड ब्लाउज शिवत सुटले. सासूबाईंनी दुपारी भाकरी कुस्करायला घेतली आणि तशीच परत टोपल्यात ठेवली. मशीनचा तो आवाज मला मुळीच आवडला नाही, पण गिऱ्हाइकं खूश होती.

काही दिवसांनी मास्तर म्हणाले, "चला, बगून येऊ." मला वाटतं त्यांना आपला निकाल बरोबर ठरलेला डोळ्यांनी बघायचा होता. गाड्या बदलत आम्ही तलवाड्याच्या त्या वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गोठ्याच्या कोपऱ्यात, सावली जिथे संपते तिथे, चिल्लर साखळीला बांधलेली होती. ती साखळी बैलाची. तिचं वजन चिल्लरपेक्षा जास्त असेल. पाण्याचं भांडं उपडं पडलेलं होतं.

"भुंकतच न्हाई ओ," नातू म्हणाला. "काय उपेगाची? म्हनलं हितं बांधली तर शिकंल."

ओसरीवर बाजेवर आण्णा पडले होते. खूप थकलेले, पण मास्तरांना बघून तसेच उठून बसले, तसेच हात जोडले. "या मास्तर, बसा. पानी घ्या. अगं ए, पानी आन!" आतून त्यांची बायको पाणी घेऊन आली. पदर नाकापर्यंत. तांब्या ठेवला आणि चौकटीला टेकून उभी राहिली. मी त्यांना "बसा ना" म्हटलं, तर त्यांनी आण्णांकडे बघितलं आणि उभ्याच राहिल्या.

मास्तरांनी साखळीचा विषय काढला. आण्णा हसून म्हणाले, "मास्तर, जनावराला आन् बाईला बांधूनच ठिवावं लागतंय. मोकळं सोडलं की हातचं गेलं." अगदी गोड आवाजात म्हणाले. त्या आवाजातच ते गाडीत राम राम करत असणार.

मास्तरांनी तांब्या तसाच ठेवला. उठून गोठ्यात गेले, साखळी सोडायला वाकले, तर चिल्लरनं त्यांचा हात बघून जमिनीला अंग चिकटवलं. ते मागे सरले. "तुमी घ्या ताई," म्हणाले. मी तिला पदरात घेतली. नातू काहीतरी बडबडत होता, आम्ही मागे बघितलं नाही.

केज येईपर्यंत गाडीत जागा होती तरी मास्तर उभेच होते, दांड्याला धरून. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "मी मानसं गाडीतलीच बगितली, ताई. उतरल्यावर ती कशी आसत्यात, मला काय म्हाईत?"

त्यानंतर फाटकातली खुर्ची रिकामी राहिली. मास्तर स्टँडवर जाईनात. शर्टाची इस्त्री गेली. मी विचारलं तर म्हणायचे, "द्या कुनालाबी. माजं काय विचारता?" मला याचा आणखीनच संताप आला. आधी एकही घर पसंत पडेना, आता कुणालाही द्या! कॉलेजच्या सरांनी दुसरं कुत्रं आणलं होतं. उशीवाली मुलगी रुसली होती. परीक्षेचे शेवटचे पेपर राहिले होते, आमचं निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं, आणि चिल्लर आता पायडलवरून नाकही बाहेर काढत नव्हती.

अशात एके सकाळी सरूबाई आली. अंबाजोगाई रस्त्यावर केजच्या पुढे एक फाटा आहे, तिथे तिचं घर आणि भाजीचं छोटं रान. भाचीच्या लग्नाला ब्लाउज हवा म्हणून कापड घेऊन आली होती. मास्तर मला फाटकाची नवी कडी लावून देत होते. त्यांनी तिला पाहिलं आणि इतक्या दिवसांनी त्यांच्यात जुने मास्तर जागे झाले.

"हिला वळखतो मी! ही बाई गाडीला हात करत न्हवती, ताई. डोक्यावर पाटी घिऊन फाट्यावर रानीवानी हुबी ऱ्हायाची. गाडीनंच हिला वळखावं. हात केल्याबिगर गाडी थांबत न्हाई, ह्यो नियम हाय. लई डाव सोडून गेलतो मी हिला."

सरूबाई हसली. "व्हय मास्तर. लई डाव."

मी टेप घेतला आणि बाहीच्या मुंढ्याचं माप घ्यायला म्हणाले, "हात वर करा." तिनं डावा हात वर केला. उजवा छातीपर्यंत आला आणि थांबला.

"ह्यो एवढाच येतो," ती म्हणाली. "ल्हानपनी बैलगाडीच्या चाकात गावला. मुंढा जरा ढिला ठिवा, घालायला सोपं जातं."

फाटकात स्क्रू पिळण्याचा आवाज बंद झाला होता.

"डाव्या हातानं डोक्यावरची पाटी धरायची," सरूबाई मलाच सांगत होती, सहज, तक्रार केल्यासारखंही नाही. "ह्यो तर वर जात न्हाई. मग गाडीला कुन्या हातानं हात करू?"

मास्तर फाटकातून आत आले. हातात स्क्रूड्रायव्हर तसाच. "आवो, मग सांगितलं कावून न्हाई कदी?"

"गाडी थांबवून इचारलं आसतं तर सांगितलं आसतं, मास्तर."

तिनं टोमणा मारला नव्हता. खरंच तसंच होतं म्हणून तसं म्हणाली. मास्तर जिथे होते तिथेच भिंतीला टेकले. त्यांच्या डोळ्यांपुढून किती सकाळी गेल्या असतील, मला सांगता येणार नाही. उन्हात उभी राहिलेली ती पाटी, मागे उडालेला फुफाटा, आणि मास्तरांनी मारलेली डबल बेल.

आम्ही दोघंही बोलायचे थांबलो होतो, म्हणूनच की काय, चिल्लर बाहेर आली. मशीनखालून निघाली, सरूबाईच्या उजव्या बाजूला गेली आणि त्या न उठणाऱ्या हाताची लोंबती बोटं हुंगू लागली. सरूबाईनं तिला हाक मारली नाही, वाकली नाही, उचललीही नाही. नुसतं खाली बघून म्हणाली, "ही कुनाची ओ?"

"कुणाचीच नाही," मी म्हणाले, आणि मला रडू कोसळलं. इतक्या दिवसांचा राग, सगळा एकदम बाहेर आला. एका माणसानं गाव विचारलं, आडनाव विचारलं, साऱ्या जिल्ह्याचा प्रवास आठवला, आणि जिला स्वतः रस्त्यावर सोडून गेला तिच्याचकडे जाऊन ही कुत्री उभी राहिली होती. रडताना मी मास्तरांना काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग सरूबाईला म्हणाले, "ही बी तुमच्यावानीच हाय, बाई. तिला सांगता येत न्हाई. न्हेता का?"

सरूबाईनं थोडा विचार केला. "आली तर येऊ द्या," म्हणाली. चिल्लर पाटीत बसून गेली, सासूबाईंनी दिलेली भाकरी शेजारी बांधून. मास्तर फाट्यापर्यंत सोबत गेले, पण मागच्या सीटवर बसून, तिला दिसणार नाही असे.

ब्लाउज न्यायला सरूबाई परत आली तेव्हा तिनं सांगितलं की चिल्लर वाफ्यातून तिच्या मागे मागे हिंडते, कोथिंबिरीत झोपते. आणि मास्तर दिवसाआड येतात. "वट्यावर बसत्यात. दोनी हात मांडीखाली दाबून. बोलत बी न्हाईत. म्हनत्यात, बोललं की हात उठतो."

"येते का ती त्यांच्याकडे?"

"लांबून बगती. आजून न्हाई."

परीक्षा संपली. सामानाच्या टेम्पोत हे आणि मुलगी गेले, सासूबाई आणि मी सकाळच्या गाडीनं निघालो. मास्तर आदल्या दिवशीच म्हणाले होते, "मी फाट्यावरून तुमच्या गाडीत बसतो. अंबाजोगाईपर्यंत येतो, नवं घर बगतो." म्हणून मी, ते चिडतील हे माहीत असून, शेजारच्या सीटवर रुमाल टाकून त्यांची जागा धरली. गाडी खच्चून भरली होती. कंडक्टरला मी काही सांगितलं नव्हतं. ओव्हाळ मास्तरांना गाडी थांबवायला माझी मदत कशाला हवी?

फाटा आला. निंबाच्या झाडाखाली सरूबाई पाटी उतरवून उभी होती. तिच्यापुढे, रस्त्याच्या अगदी कडेला, मास्तर. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, काखेत पिशवी. दोन्ही हात पाठीमागे, एकात एक अडकवलेले. आणि त्यांच्या उजव्या पायाच्या चपलेवर हनुवटी टेकून चिल्लर बसली होती.

ड्रायव्हरनं गाडी हळू केली, बाहेर बघितलं. मास्तरांनी गाडीकडे बघितलं. मी खिडकीतून ओरडले, "मास्तर, हात करा! हात करा ना!" त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून, अगदी थोडी, पाय हलणार नाही अशी. मागून कंडक्टरचा आवाज आला, "कुनी हात केलाय का? न्हाई? चला." आणि त्यानं दोरी दोनदा ओढली.

मी मान वळवून बघत राहिले. गाडीचा धुरळा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर बसत होता आणि मास्तर खाली पायाकडे बघत उभे होते. हात मागेच होते. मग वळण आलं. मी सीटवरचा रुमाल उचलला आणि उभ्या असलेल्या बाईला म्हणाले, "बसा."